लाइट लागते, मग केबल कशी खराब?

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचा सेल्फ उचलेना झाला की जालना जिल्ह्यात निदान ठरलेलं असतं: बॅटरी बसली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. हेडलाइट मात्र लख्ख. मग जमलेल्यांपैकी कुणीतरी ठासून सांगतो, ‘लाइट लागते ना? म्हणजे केबल ओके. बॅटरीच बदला.’ अंबडला ऐका नाहीतर भोकरदनला, वाक्य तेच. गंमत अशी की लाइट लख्ख आहे हा खरं तर बॅटरीच्या बाजूचा पुरावा. पण त्याच पुराव्यावर बॅटरी दोषी ठरते आणि केबल सुटते.

दोन हेडलाइट मिळून साधारण ९-१० अँपिअर करंट घेतात. सेल्फ घेतो दोनशे-तीनशे, थंड इंजिनाला कधी त्याहूनही जास्त. आता गंजलेल्या जोडात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा आहे असं धरा. ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला आहे. तो इथे लावायचा. १० अँपिअरला त्या जोडावर ०.१ व्होल्ट खर्च होतो, दिव्याला कळतही नाही. २५० अँपिअरला मात्र अडीच व्होल्ट तिथेच जातात. बारा व्होल्टच्या यंत्रणेत, तेही सेल्फच्या ताणाने बॅटरी आधीच खाली आलेली असताना, एवढं गेल्यावर सेल्फ काय ढेकळं फोडणार? शिवाय त्या एका जोडात सव्वासहाशे वॅट उष्णता तयार होते. म्हणूनच दोन-तीनदा किल्ली मारल्यावर खराब जोड हाताला चटका देतो.

मोठा करंट न्यायला काय लागतं, हे जालन्याला शिकवायला नको. इथल्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांना आतून पाणी फिरवलेल्या जाडजूड तांब्याच्या केबल जोडलेल्या असतात. त्याच गावात ट्रॅक्टरला मात्र घरातली उरलेली वायर पिळून लावलेली दिसते!

टर्मिनलवरच्या पांढऱ्या-निळसर पुडीचीही अशीच गत. ‘बॅटरी फुलली, गेली आता.’ पांढरं असतं ते बहुतेक शिशाचं सल्फेट. निळसर-हिरवं जे दिसतं, ते मोसंबीवाल्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे: खोडाला बोर्डो पेस्ट लावताना चुन्याबरोबर घेतात ते मोरचूद. आम्लाची वाफ तांब्याला लागली की ते तयार होतं, आणि त्यासाठी लागणारं तांबं केबलमधूनच जातं. आम्ल तारांच्या बारीक फटींतून प्लॅस्टिकच्या आत चढत राहतं. वरून पॉलिश पेपर मारून लग चकचकीत केला तरी आत वीतभर केबल काळी पडलेली असू शकते. टोकाजवळ आवरण चिरून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

वाद मिटवायला मल्टीमीटर पुरतो. गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद करायचा दांडा ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच), दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि मग किल्ली. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तो रस्ता खराब, ही दुरुस्तीच्या धंद्यात सर्रास मानली जाणारी मर्यादा आहे. तसंच निगेटिव्ह खुंटी ते इंजिनाचा सांगाडा असं मोजायचं. ही अर्थची बाजू तपासायचं निम्मे लोक विसरतात. स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवणारी आणि सेल्फ मारतानाही दहाच्या वर टिकणारी बॅटरी भंगारात द्यायचं कारण नाही.

नवी केबल मूळ जाडीची किंवा त्याहून जाड, शुद्ध तांब्याची घ्यायची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत बरीच कमी वीज वाहते. लग हातोडीने ठोकून बसवू नये, दाबयंत्राने दाबून घ्यावा. अर्थ केबल जिथे सांगाड्याला लागते तिथला रंग आणि गंज खरवडून धातू उघडा केला नाही, तर नव्या केबलचे पैसे पाण्यात.

बाकीचे समज थोडक्यात. ‘कुठलंही टोक आधी काढा, काय फरक पडतो?’ पडतो. आधी निगेटिव्ह काढायचं आणि लावताना ते शेवटी, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी. ‘ग्रीस लावलं की गंज जातो.’ जात नाही. साफ करून, घट्ट आवळून वरून लावलं तर नवा येणं लांबतं. ‘पाणी कमी झालं की ॲसिड घाला.’ उडून जातं ते पाणी, म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर. खायचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनल धुवायला उत्तम, पण झाकणं घट्ट लावून. सेलमध्ये गेला तर आम्लच मारतो. ‘बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते’ हा समज लाकडी आणि कडक रबराच्या पेट्यांच्या काळातला, आजच्या प्लॅस्टिकला तो लागू नाही.

आणि हे सगळं करताना बिडी पेटवणाऱ्या मदतनिसाला आधी लांब पाठवावं. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो.