किल्ल्या कोणाच्या हाती?

माझी पुतणी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धाकट्या मुलांसाठी ती लिनक्सची एक दिवसाची कार्यशाळा घेते आहे. ‘‘काका, बँकेत जन्म गेला तुमचा, जरा वेळापत्रक तपासा,’’ म्हणून तिने कागद पुढे केला. सकाळचे तीन तास निव्वळ लिनक्स बसवण्याचे!

मला ते पटेना. साठ मुलं, साठ तऱ्हांचे लॅपटॉप. डिस्कचे भाग पाडताना चुकीच्या जागी ‘हो’ म्हटलं, की कुणाच्या तरी बापाने हप्त्याने घेतलेल्या लॅपटॉपमधलं सगळं पुसलं जाणार. तो मुलगा पुन्हा लिनक्सच्या वाटेला जाईल? पेनड्राइव्हवरूनही लिनक्स चालू होतं. आपण होऊन हात लावला नाही तर आतली डिस्क जशीच्या तशी राहते.

वाचलेल्या वेळात परवानग्या शिकवाव्यात. फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोणी चालवायची. मालक, गट आणि इतर, तिघांचे हक्क निराळे. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोघांकडे. इथे ‘रूट’ नावाचा एकटाच सगळी दारं उघडतो. त्याने ‘आरएम’ म्हटलं की फाइल गेली, केराच्या टोपलीतसुद्धा सापडायची नाही!

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने याचा गाभा लिहिला तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थीच होता. हे मुलांना जरूर सांगावं, पण पाच मिनिटांत.

पुतणीने वेळापत्रक बदललं आहे. आता पेनड्राइव्ह गोळा करणं चालू आहे; तीस जमले, तीस हवेत.