उकळले म्हणजे निर्जंतुक झाले का?

धारणीतल्या काही विज्ञान शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एका बाईंनी विचारले, "बाळाची नाळ कापायचे ब्लेड उकळत्या पाण्यात टाकले की निर्जंतुक होते, असे आम्ही मुलांना सांगतो. बरोबर आहे ना?" मी पटकन 'हो' म्हणणार होतो, पण थांबलो. उत्तर 'बरेचसे बरोबर' असे आहे. 'बरेचसे' आणि 'पूर्ण' यांच्यामधल्या फटीत एक जीवघेणा रोग दडलेला आहे.

तो म्हणजे नवजात बाळाचा धनुर्वात. बाळ धडधाकट जन्मते, दोन दिवस नीट दूध पिते. मग त्याचा जबडा आखडतो, दूध ओढता येत नाही, झटके येऊ लागतात. या रोगाचे जीवाणू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावले, की ते थेट ताज्या जखमेत पोचतात. मेळघाटासारख्या भागात, जिथे दवाखाना लांब आणि बाळंतपण घरीच, तिथे हा धोका मोठा. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर भारताने या रोगाचे निर्मूलन केल्याचे २०१५ साली जाहीर झाले. पण जीवाणू मातीत आहेतच. काळजी सुटली की रोग परत येऊ शकतो.

आता मूळ प्रश्न. बहुतेक जीवाणू उकळत्या पाण्यात काही मिनिटांत मरतात. धनुर्वाताचा जीवाणू मात्र परिस्थिती प्रतिकूल झाली की जाड कवचाचा बीजाणू बनवतो. त्यात पाणी अगदी कमी असते आणि जीवनक्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात. असा बीजाणू उकळण्यातूनही वाचू शकतो. त्यातून पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते हेही सगळीकडे खरे नाही. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला ते साधारण ९६ अंशांलाच उकळते. कितीही जाळ लावा, उघड्या भांड्यातले पाणी त्याहून तापत नाही.

उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. दर चौरस इंचाला १५ पौंड इतका जादा दाब असला की तापमान १२१ अंश होते. कुकरचा पूर्वज देनी पापँ याने १६७९ साली बनवला. त्याच तत्त्वावर पाश्चरचे सहकारी शार्ल शाँबरलाँ यांनी १८७९ साली ऑटोक्लेव्ह तयार केला. त्यात १२१ अंशांच्या वाफेत १५ मिनिटांत बीजाणू मरतात. कोरड्या भट्टीत त्याच कामाला १६० अंशांवर दोन तास लागतात. वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे पाचशेहून अधिक कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो, आणि ओलाव्यात प्रथिने लवकर गोठतात. म्हणूनच वाफ सुरू होताना आतली हवा आधी बाहेर काढावी लागते. हवा अडकली तर दाब दिसतो, पण तापमान गाठले जात नाही.

आता थोडे गणित. समजा, दर मिनिटाला ९० टक्के बीजाणू मरतात. सुरुवातीला दहा लाख असतील, तर सहा मिनिटांनी एक उरेल. बारा मिनिटांनी? एकाचा दहालाखावा भाग! म्हणजे अशा दहा लाख हत्यारांपैकी एखाद्यावरच एक बीजाणू जिवंत असण्याची शक्यता. 'निर्जंतुक' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ हाच आहे. पण हत्यार न धुता ठेवले आणि त्यावर शंभरपट बीजाणू असतील, तर आणखी दोन मिनिटे हवीत. शिवाय वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचतच नाही. म्हणून आधी साबण, पाणी आणि ब्रश, मग वाफ. घाण निर्जंतुक करता येत नाही; ती आधी काढावीच लागते.

धातूची कात्री वाफ सोसते, पण प्लास्टिकची सिरिंज वितळते किंवा वाकडी होते. एकदा वापरून टाकायच्या वस्तू वाढल्या तसा त्या निर्जंतुक करण्याचा एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. काही ठिकाणी इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. तो विषारी असल्याने नंतर वस्तू बराच वेळ हवेशीर ठेवावी लागते. दुसरी वाट गॅमा किरणांची. मुंबईत तुर्भे येथे अणुऊर्जा खात्याचा 'आयसोमेड' प्रकल्प १९७४ साली सुरू झाला. त्यात पाकिटे बंद असतानाच त्यांच्यावर कोबाल्ट-६० चे किरण सोडले जातात. किरण पाकिटातून आरपार जाऊन जीवाणूंचा डीएनए तोडतात. वस्तू मात्र किरणोत्सारी होत नाही, कारण अणुकेंद्र बदलण्याइतकी ऊर्जा या किरणांत नसते. पुढे देशात असे खासगी प्रकल्पही निघाले. मात्र पाकीट फाटले की त्या मेहनतीवर पाणी पडते. आणि वीज नसलेल्या उपकेंद्रात स्टोव्हवर चालणारा साधा ऑटोक्लेव्हच कामाला येतो.

हे वर्गात दाखवता येईल. वाळके गवत पाण्यात भिजवून ते पाणी गाळा. गवतावर बीजाणू असतातच; १८७७ साली टिंडल यांना याच गवताने हैराण केले होते. उष्णता सोसणाऱ्या तीन परीक्षानळ्यांत हे पाणी भरून कापसाचे बोळे लावा. पहिली तशीच ठेवा. दुसरी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे, तिसरी कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास ठेवा. दाब उतरल्याशिवाय कुकर उघडू नका. चार दिवसांनी कोणती नळी गढूळ होते ते पाहा. बोळे काढू नका. शेवटी सगळ्या नळ्या पुन्हा कुकरमध्ये घालून मगच धुवा.

आणि मुलांना एक प्रश्न द्या: तोच कुकर चिखलदऱ्याला नेला, तर आतले तापमान १२१ अंश भरेल का?

त्या बाईंना मी शेवटी एवढेच म्हणालो: उकळायला जरूर सांगा, न उकळण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. पण नाळेसाठी बंद पाकिटातले नवे ब्लेड, धुतलेले हात आणि आईची लस, हेही त्याच दमात सांगा. तुमच्या वर्गातल्या मुलीच उद्या कुणाच्या तरी बाळंतपणात शेजारी उभ्या असतील.