सामाईक चित्र आणि ज्याचा त्याचा हक्क



गेल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या तासाला एक प्रसंग घडला. चार विद्यार्थ्यांच्या एका गटाने गोवळकोंड्याच्या किल्ल्याची प्रतिकृती करावयास घेतली होती. ती पुठ्ठ्याची नव्हती, मातीचीही नव्हती. टॅबलेटचा कॅमेरा टेबलाकडे वळवला की पडद्यावर त्या टेबलावर किल्ला उभा दिसे. टॅबलेट बाजूस ठेवला की टेबल रिकामे! हाती टॅबलेट चार, पण किल्ला एकच. तास संपता संपता बालाहिसारचा सगळा भाग अकस्मात नाहीसा झाला. ज्या मुलीने पंधरा दिवस खपून तो रचला होता तिचे डोळे भरून आले. सर्वांच्या नजरा गटातील एका खोडकर मुलाकडे वळल्या. आमचीही वळली, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. दुसऱ्याच एका विद्यार्थ्याने तटाचा एक दगड पुसताना चुकून तो सगळा भाग निवडला होता. एका निरपराध मुलाला मात्र एक रात्र अपराधी ठरून काढावी लागली. सामाईक वस्तूवर कोणाचा किती हक्क, आणि तो कोणी राखावयाचा, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. त्याचाच येथे थोडा विचार करू.

या विद्येस ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात. मराठीत ‘संवर्धित वास्तव’ म्हणता येईल. खऱ्या जगावर काल्पनिक वस्तू बेमालूम बसवून दाखविणे हे तिचे काम. अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी 1968 साली डोक्यावर घालावयाचे असे एक यंत्र सिद्ध केले, तेथे तिचा उगम मानतात. 2016 साली ‘पोकेमॉन गो’ या खेळामुळे ती घरोघरी पोचली. 2018 साली गूगल व अॅपल या कंपन्यांनी एकच काल्पनिक वस्तू अनेकांना एकाच जागी दिसावी अशी सोय आपापल्या साधनांत करून दिली.

ही सोय कशी चालते? कॅमेरा खोलीतील ठळक खुणा टिपतो: टेबलाचा कोपरा, फरशीवरील नक्षी, खिडकीची चौकट. या खुणांचा एक नकाशा बनतो आणि त्यात एक बिंदू ठरविला जातो. त्यास अँकर, म्हणजे नांगर, म्हणतात. दुसऱ्याचे यंत्र त्याच खुणा ओळखून तोच नांगर शोधते. मग वस्तू नांगरापासून किती दूर, कोणत्या बाजूस, केवढी, एवढाच मजकूर यंत्रांत फिरतो आणि प्रत्येक यंत्र आपापले चित्र काढते. अर्थात् टेबलावरचा किल्ला एक भासला तरी चित्रे चार असतात. म्हणूनच कोणास काय दिसावे आणि कोणास काय करता यावे, हे वेगवेगळे ठरविता येते.

आपला गोवळकोंडाच पाहा. त्यास एक तट नाही. शहराभोवती एक, टेकडीच्या पायथ्याशी दुसरा आणि वर बालाहिसारला तिसरा. बाजारात येणारा प्रत्येक जण राजवाड्यात जात नसे. तद्वतच सामाईक चित्रातही पायऱ्या हव्यात: कोणी नुसते पाहावे, कोणी हलवावे, कोणी बदलावे, कोणी पुसावे, आणि हे हक्क दुसऱ्यास देण्याचा हक्क कोणास, हेही ठरावे. ज्याचे जेवढे काम तेवढाच त्याला अधिकार, हे संगणकशास्त्राचे जुने सूत्र आहे. 1687 साली औरंगजेबाने सुमारे आठ महिने वेढा घातला तरी गोवळकोंड्याचे तट पडले नाहीत. आतीलच एका सरदाराने दरवाजा उघडून दिला तेव्हा किल्ला गेला, असे इतिहास सांगतो. किल्ली कोणाच्या हाती, यावर तटाची खरी मजबुती अवलंबून असते.

आमची मातृभाषा कोंकणी; पूर्वज गोव्याचे. तेथील गांवकारीची व्यवस्था येथे आठवते. जमीन साऱ्या गावाची. पण शेत कसण्याचा हक्क लिलावात बोली लावून ठराविक मुदतीपुरता मिळे. कसणाऱ्याने पीक घ्यावे, शेत विकू नये. पोर्तुगीजांनीही 1526 सालच्या सनदेत गांवकारीचे रिवाज नोंदवून ठेवले. मालकी वेगळी, वापर वेगळा आणि त्यास मुदत, ही तिन्ही तत्त्वे आमच्या टेबलावरील किल्ल्यासही लागू पडतात.

परंतु जागेचे काय? 2017 साली जेफ कून्स यांचा फुग्याच्या कुत्र्याचा काल्पनिक पुतळा स्नॅपचॅटने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा केला. लगेच सेबॅस्टियन एराझुरिझ या कलावंताने त्याच ठिकाणी तसाच, पण रंगाने विद्रूप केलेला कुत्रा दाखविला. मूळ चित्रास धक्काही लागला नाही. वाद होता तो जागेचा. सार्वजनिक जागा कंपनीने फुकट का वापरावी, असा त्याचा सवाल होता. चारमिनारवर उद्या कोणी काल्पनिक जाहिरात टांगली तर आपण काय म्हणू?

यावर उपाय शोधले जात आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2019 साली अशा सामाईक वापरासाठी हक्क ठरविण्याची एक साधनपेटी मांडली. तीत एक सुंदर युक्ती आहे. एखाद्याची खाजगी वस्तू इतरांस पुसट छायेसारखी दिसते. तेथे काही आहे एवढे कळते, काय आहे ते कळत नाही. त्यामुळे तिच्यावर कोणी दुसरी वस्तू ठेवीत नाही आणि मालकाचे गुपितही राहते. बंद वहीचा मान राखावा, तसेच हे.

पालकांसही एक विनंती. कॅमेरा खुणा टिपतो त्या आपल्या घराच्या असतात. 2023 सालच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. ती न वाचता देऊ नये.

आमच्या वर्गाने आता चार नियम केले आहेत. ज्याने रचले त्यानेच पुसावे. दुसऱ्याचा भाग बदलण्यापूर्वी विचारावे. एका वेळी एकानेच हलवावे. आणि कोणी केव्हा काय केले याची नोंद राहावी. बालाहिसार त्या मुलीने पुन्हा रचला. पायऱ्या रचण्यास तो खोडकर मुलगा तिच्या मदतीस होता. नोंदवहीत आता दोघांचीही नावे आहेत. नोंद दोषी शोधण्यास उपयोगी पडते खरी. पण निर्दोष माणसास संशयातून सोडविणे, हे तिचे अधिक मोठे काम होय. ही गोष्ट त्या मुलाने आम्हांस शिकविली.