सहा गठ्ठे

१९८६ साली मी एका तहसील कार्यालयात कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथल्या रेकॉर्ड रूमला सूची नव्हती. आप्पा होते. कुळाच्या दाव्याचा निकाल हवा, जुन्या फेरफाराची नक्कल हवी, काहीही हवं असलं तरी आप्पा खुर्चीतून न उठता शिपायाला सांगत, "मागच्या भिंतीचं फडताळ, तिसरा खण, निळ्या नाडीचा रुमाल." कागद निघायचाच. आप्पा रजेवर गेले की नकला बंद. शोधफी भरलेली माणसं पायरीवर बसून राहायची आणि त्यांना सांगितलं जायचं, पुतणीचं लग्न आहे, सोमवारी या. यात कोणाला वावगं वाटत नसे.

महसूल खात्याला कागद सांभाळता येत नव्हता असं मात्र मुळीच नाही. मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने महसुली हिशेबांची जी नियमपुस्तिका तयार केली, ती आमच्या खात्यात अजून 'अँडरसन मॅन्युअल' म्हणूनच ओळखली जाते. एक ते एकवीस गाव नमुने. सातवा जमीन कोणाची ते सांगतो, बारावा तिच्यात काय पेरलंय ते. दोन्ही एका कागदावर आले म्हणून तो सातबारा. सहावा नमुना फेरफारांचा, आठ-अ खात्यांचा, चौदावा जन्ममृत्यूचा. या चौदाव्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. सातबारावर खातेदाराच्या नावाजवळ एका वर्तुळात आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. त्या आकड्यावरून सहाव्या नमुन्यात जायचं, तिथून खरेदीखत किंवा वारसाचा जबाब गाठायचा. आजची पोरं याला लिंक म्हणतात. आमच्याकडे ती टाक-दौतीच्या काळापासून आहे.

घोळ गावाच्या दप्तरात कमी होता, तालुक्याच्या टेबलावर जास्त. पत्र आलं की बारनिशीत त्याला आवक क्रमांक पडे आणि ते संबंधित कारकुनाकडे जाई. पुढे काय होई ते कारकून आणि त्याचं नशीब. चालू प्रकरण, निकाली प्रकरण, वरून आलेलं परिपत्रक, त्याचं स्मरणपत्र, सगळं एकाच रुमालात.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाची जी घडी बसवली तिला पुढे 'लखीना पॅटर्न' नाव पडलं आणि ती राज्यभर फिरली. आमच्यापर्यंत ती आली ती सहा गठ्ठ्यांच्या रूपात. प्रत्येक कारकुनाकडे सहाच गठ्ठे. ज्यांवर आज काम करायचंय ती बैठकीवरची प्रकरणं पहिल्यात. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र लिहिलंय आणि उत्तराची वाट बघतोय. तिसऱ्यात ठरावीक मुदतीला पाठवायची नियतकालिकं, चौथ्यात स्थायी आदेश. निकाली निघून रेकॉर्ड रूमला जायचं ते पाचव्यात आणि नष्ट करायचं ते सहाव्यात.

ऐकायला पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता. गठ्ठे पाडायला बसलो त्या आठवड्यात एका मासिक विवरणपत्राच्या मागे टाचणीत अडकलेला अर्ज सापडला. संजय गांधी निराधार योजनेचा, एका विधवा बाईचा. आवक शिक्का अकरा महिन्यांपूर्वीचा. मी तो कधी नाकारला नव्हता, कोणी दाबलाही नव्हता. टाचणीने दाबला होता. बाई अधूनमधून यायची आणि मी प्रामाणिकपणे सांगायचो, "बघतो हं मावशी." त्या दिवसापासून मी सहा गठ्ठ्यांची थट्टा बंद केली.

त्यातला दुसरा गठ्ठा माझ्या मते सगळ्यात हुशारीचा. त्याआधी 'वर लिहिलंय' या दोन शब्दांत वर्ष काढता यायचं. आता आठवड्याच्या गोषवाऱ्यात आकडा मांडावा लागे, प्रतीक्षाधीन किती आणि कधीपासून. कोणाच्या टेबलावर काय अडलंय ते साहेबांना न विचारता दिसू लागलं. मी रजेवर असलो तरी शेजारचा कारकून माझा गठ्ठा सोडून उत्तर देऊ शकत होता. आप्पांच्या राज्याला पहिला तडा तिथे गेला.

सहाव्या गठ्ठ्याने मात्र आम्हाला रडवलं. प्रकरण बंद करतानाच त्यावर वर्ग लिहायचा होता. 'अ' म्हणजे कायमचं, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' एक वर्ष आणि मग नष्ट. 'अ' लिहायला कोणाचाच हात अडत नसे. 'ड' लिहायचं म्हणजे उद्या तो कागद लागला तर जाब आपल्याला. आमचे अव्वल कारकून दर वेळी तेच म्हणत, "राहू दे रे, कधी लागला तर?" परिणाम असा, की रजेचे अर्ज आणि झेंडावंदनाची निमंत्रणं वतनाच्या निवाड्यांशेजारी जाऊन बसली. कागद फेकायचा निर्णय हा कागद ठेवण्याच्या निर्णयापेक्षा मोठा असतो आणि तो घेण्याचा पगार कोणालाच मिळत नाही. पुढे सहा गठ्ठे तपासणीपुरते उरले. आयुक्त येणार कळलं की रुमाल धुऊन वाळत पडायचे.

१९८८ मध्ये आप्पांची निवृत्ती जवळ आली. तहसीलदारांनी मला त्यांच्याशेजारी बसवलं, सगळं लिहून घे म्हणाले. महिनाभर आप्पा टाळाटाळ करत राहिले. एकदा चहा पिताना बोलून गेले, "सगळं लिहून दिलं तर मला विचारणार कोण?" शेवटी दिलं. लांब घडीच्या वहीत मी फडताळ, खण, रुमाल, साल, गाव अशी सूची उतरवली. माझ्या नोकरीतलं बहुधा सगळ्यात उपयोगी काम तेच.

मग २००५ चा माहिती अधिकार आला. त्याच्या चौथ्या कलमात अभिलेख सूचीबद्ध ठेवायचं बंधन पहिल्याच पोटकलमात घातलं आहे. लोकांना वाटलं कार्यालयं माहिती दडवतात. दडवणारी होतीच, पण आमची बरीचशी अडचण अशी की दडवायलाही आधी ती सापडावी लागते. 'सदर अभिलेख आढळून येत नाही' हे वाक्य कित्येकदा खरं असे. आमच्याकडे वही होती म्हणून आमचं थोडं निभावलं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. नंतर आमच्याकडे जुन्या पत्रव्यवहाराच्या प्रती मागणारी पत्रं आली, तेव्हाही जावक क्रमांकावरूनच त्या निघाल्या.

संगणकाबद्दल मी कुरकुर करणार नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ज्या उताऱ्यासाठी माणूस तलाठ्याच्या सज्जावर तीन हेलपाटे घालायचा, तो आता पंधरा रुपये भरून मुंबईतल्या खोलीत रात्री अकराला काढतो. त्याआधी हस्तलिखित आणि संगणकावरचा सातबारा जुळवताना आम्ही अक्षरशः डोळे फोडले. गावोगाव चावडी वाचन झालं, लोकांनी आपापली नावं कान देऊन ऐकली. एका म्हाताऱ्याच्या क्षेत्रातला दशांशचिन्हाचा ठिपका एक घर सरकला होता. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ मध्ये त्याला 'लेखनप्रमाद' असं भारदस्त नाव आहे. म्हातारा म्हणाला, "ठिपक्यात माझी विहीर गेली की!"

पण नोंदवह्या संगणकात गेल्या, टेबल गेलं नाही. माझ्या शेवटच्या वर्षांत तातडीची पत्रं व्हॉट्सॲपवर येऊ लागली. सकाळी सातला फोटो, आठला 'अहवाल पाठवा', नऊला 'अद्याप अप्राप्त'. बारनिशीत नोंद नाही, क्रमांक नाही. उत्तर ज्याच्या फोनमधून गेलं त्याच्याच फोनमध्ये राहिलं. त्याची बदली झाली की ते त्याच्याबरोबर पुढच्या तालुक्याला. ई-ऑफिस आलं होतं, त्यात नस्ती कोणाकडे आहे ते दिसतंही. पण घाईचं सगळं त्याच्या बाहेरूनच चाले.

मी २०२१ मध्ये निवृत्त झालो. दोन वर्षांनी मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पन्नास वर्षांत कोणी न सोडलेले मोडीतले रुमाल तालुक्यातालुक्यात सुटू लागले. एका दुपारी जुन्या कार्यालयातून फोन आला. नवा मुलगा होता, अदबीने बोलत होता.

"काका, स्वातंत्र्याआधीची कोतवाल बुकं कुठं असतील? सगळी खोली पालथी घातली."

"रेकॉर्ड रूमची सूची आहे ना. लांब वही, तांबडा पुठ्ठा."

पलीकडे कुजबुज झाली. कोणीतरी कोणाला तरी विचारलं.

"काका, ती दोन वर्षांपूर्वीच 'ड' वर्गात घालून नष्ट केली म्हणतायत. पुठ्ठ्यावर शीर्षक नव्हतं."

शीर्षक मीच घातलं नव्हतं. क्षणभर गप्प बसलो. मग डोळे मिटले आणि सांगितलं, "मागची भिंत. खिडकीकडचं फडताळ, वरून दुसरा खण. समोर पंचनाम्यांचे गठ्ठे असतील, त्यांच्या मागे बघ."

"थांबा काका," तो म्हणाला, "फोनवर रेकॉर्ड करून घेतो."