विमानाचं ॲव्हरेज कसं काढतात?

किन्हवली-शहापूर-मुरबाड पट्ट्यात गाडीचं ॲव्हरेज काढायला कुणाला शिकवावं लागत नाही. टाकी फुल करायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा, शहापूर, सरळगाव, मुरबाड अशा फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा टाकी फुल करायची. दुसऱ्या खेपेला जेवढं पेट्रोल बसलं तेवढं जळलं. प्रवासी विमानाचा हिशेबही मुळात याच चालीचा आहे. मात्र विमानाची टाकी सहसा काठोकाठ भरत नाहीत, इंधन लिटरवर नव्हे तर किलोवर मोजतात आणि वाटेत ते संपलं तर पंप नसतो. त्यामुळे किती जळेल याचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि तो खरा ठरतोय की नाही हे हवेत पुन्हापुन्हा तपासावं लागतं.

सुरुवात आपल्याच आकाशातल्या एका हिशेबाने करू. किन्हवलीपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दी झाली की येणाऱ्या विमानांना ठरावीक उंचीवर लांबट घिरट्या घालत थांबवतात. याला होल्डिंग म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या गर्दीच्या वेळेतली विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ आणि एरवीची ४४ वरून ४२ वर आणण्याचा आदेश निघाला. त्यामागचं कारण सांगताना नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हिशेबच मांडला होता. विमानांना चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात, एक विमान सरासरी ताशी २,००० किलो इंधन जाळतं, म्हणजे चाळीस मिनिटांत सुमारे १.७ किलोलिटर आणि तासाभरात सुमारे २.५ किलोलिटर इंधन वाया जातं. रुपयांत सांगायचं तर अनुक्रमे १.८ लाख आणि २.६ लाख.

हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहता येतो. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, हे अतिशय शुद्ध केलेलं केरोसीन. त्याचं एक लिटर साधारण ०.८ किलो भरतं. २,००० किलोला ०.८ ने भागलं की २,५०० लिटर येतात. त्याचे दोन तृतीयांश केले की चाळीस मिनिटांचे १,६६७ लिटर. आकडे जुळले. लिटर आणि किलो यांच्यामधला हा ०.८ लहानसा दिसतो, पण सगळ्या हिशेबाची नाडी तिथे आहे.

किलोच का? एक तर केरोसीन तापलं की फुगतं. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे भरलेलं दहा हजार लिटर इंधन आणि मुंबईत मे महिन्याच्या दुपारी भरलेलं दहा हजार लिटर इंधन यांच्या वजनात दोनशे किलोंच्या आसपास फरक पडतो. इंजिनाला मिळणारी उष्णता लिटरवर नाही, वजनावर ठरते. शिवाय विमान किती जड आहे हे कळल्याशिवाय त्याचा उड्डाणाचा वेगसुद्धा ठरवता येत नाही. म्हणून टँकरवाला लिटरमध्ये देतो, वैमानिक किलोमध्ये घेतो आणि मधला गुणाकार त्या दिवसाच्या घनतेने करावा लागतो.

हा गुणाकार चुकला तर काय होतं हे २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसलं. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजणी केली: ७,६८२ लिटर. लागणार होतं २२,३०० किलो. त्या काळात कॅनडा पौंडांकडून किलोकडे वळत होता. जुन्या सवयीने १.७७ हा आकडा वापरला गेला, पण तो पौंड प्रति लिटर होता. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. हे किलो समजले गेले, उरलेल्या ‘किलों’चे त्याच आकड्याने लिटर केले आणि जेमतेम ४,९१७ लिटर इंधन भरलं. विमानात प्रत्यक्षात दहा हजार किलोंच्या आसपासच होतं, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत तरंगत गिमली इथल्या बंद पडलेल्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. गुणाकार तीन वेळा तपासला असता तरी उपयोग नव्हता, कारण दरवेळी आकडा तोच चुकीचा होता. वेगळ्या वाटेने काढलेला दुसरा आकडा शेजारी असता, तर घोळ जमिनीवरच उघड झाला असता.

आता अंदाजाकडे येऊ. उड्डाणाआधी विमान कंपनीचा डिस्पॅचर संगणकावर इंधनाची मांडणी करतो. समजण्यासाठी मुंबई-दिल्ली फेरी घेऊ; विमान एअरबस ए-३२० निओच्या जातीचं. पुढचे आकडे उदाहरणादाखल असले तरी प्रमाण खऱ्यासारखंच आहे. जमिनीवर धावपट्टीपर्यंत सरकत जायला २०० किलो. प्रत्यक्ष प्रवासाला ४,००० किलो. वाटेत वारा बदलला, हवी ती उंची मिळाली नाही तर त्यासाठी प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के, म्हणजे २०० किलो. दिल्लीत उतरता आलं नाही तर जयपूरसारख्या पर्यायी विमानतळावर जायला १,५०० किलो. आणि ज्याला शक्यतो हातच लावायचा नाही असा शेवटचा राखीव साठा, १,५०० फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील इतका, साधारण १,१०० किलो. एकूण ७,००० किलो. धुकं किंवा गर्दी दिसत असेल तर कॅप्टन आपल्या अधिकारात आणखी घेतो. आपण १,२०० किलो धरू, म्हणजे झाले ८,२००.

यातला ४,००० किलोंचा आकडा सगळ्यात कठीण. तो नुसत्या अंतरावरून येत नाही. प्रवासी आणि सामान यांचं वजन, वरच्या हवेतले वारे, तापमान, मिळणारी उंची, हे सगळं त्यात जातं. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. दिल्लीहून गुवाहाटीला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. अंतर तेच, इंधन वेगळं. एकाच कंपनीची एकाच जातीची दोन विमानंसुद्धा सारखं इंधन खात नाहीत. इंजिन झिजतं, पंख्यावर मळ बसतो, दारांच्या कडा किंचित वर येतात. म्हणून प्रत्येक विमानाचा स्वतःचा टक्का ठेवतात: हे विमान कारखान्याच्या आकड्यापेक्षा दीड टक्का जास्त खातं, ते तीन टक्के. मागच्या शेकडो उड्डाणांच्या नोंदींवरून हा टक्का निघतो आणि पुढच्या अंदाजात जातो.

मग जास्तीचंच घेऊन का निघत नाहीत? कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. जादा घेतलेल्या इंधनातला साधारण तीन-चार टक्के भाग दर तासाला ते वाहण्यातच जळतो. दोन विमानतळांवरच्या दरांत मोठा फरक असला तर हा तोटा सोसूनही कंपन्या स्वस्त ठिकाणी जादा भरून घेतात. महाराष्ट्राने एप्रिल २०२३ पासून मुंबई, पुणे आणि रायगड भागात एटीएफवरचा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा टाक्या कुठे भरायच्या याची गणितंही बदलली. करामुळे हवेत जादा इंधन जळावं ही मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट वाटते.

पर्यायी विमानतळाचं गणितही आपल्या भागात आता वेगळं झालं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून विमानं उडू लागली, म्हणजे मुंबईच्या अगदी शेजारी दुसरं विमानतळ आलं. धावपट्टीवर एखादं विमान अडकून पडलं तर हा पर्याय उत्तम. पण जुलैचा पाऊस एकदम दोन्हीकडे झोडपतो. अशा दिवशी कागदावरचं जवळचं विमानतळ उपयोगाचं नाही. अहमदाबाद किंवा हैदराबाद गाठण्याइतकं इंधन लागतंच.

अंदाज हवेत कसा कोलमडतो याचं आपल्या देशातलं उदाहरण १५ नोव्हेंबर १९९३ चं. इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० मद्रासहून हैदराबादला गेलं. तिथे नीट दिसत नव्हतं म्हणून वैमानिकांनी उतरणं सोडून दिलं. मग पंखांचे फ्लॅप पूर्ण मिटेनात. त्याच अवस्थेत ते मद्रासकडे परत निघाले. फ्लॅप उघडे राहिले की हवेचा अडथळा वाढतो, वेग घटतो आणि दर किलोमीटरला लागणारं इंधन भरमसाट वाढतं. फ्लॅप मिटलेले असते तर जो पल्ला सहज गाठता आला असता तो आता गाठता येणार नव्हता. शेवटी तिरुपतीजवळ भाताच्या शेतात विमान उतरवावं लागलं. विमानातले सगळे २६२ जण वाचले. इंधनाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. विमान कोणत्या अवस्थेत उडतंय हे बरोबर लागतं.

आता मोजणी. मुंबई विमानतळावर बऱ्याच ठिकाणी इंधन जमिनीखालच्या नळांतून येतं आणि हायड्रंटची गाडी ते मीटरमधून विमानात सोडते. भरण्याआधी काचेच्या बरणीत नमुना काढतात. तो स्वच्छ, पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर दिसायला हवा. मग सिरिंजला एक छोटी कॅप्सूल लावून थोडं इंधन ओढतात. पाण्याचा अंश असेल तर तिचा पिवळा कागद हिरवट-निळा पडतो. भरून झालं की पावती मिळते: किती लिटर, घनता किती.

विमानाच्या टाकीत मोटारीसारखा तरंगता गोळा नसतो. पंखांच्या आत ठिकठिकाणी एकात एक बसवलेल्या उभ्या नळ्या असतात. दोन नळ्यांच्या मधल्या जागेत विद्युतभार साठवण्याची क्षमता हवेपेक्षा केरोसीनमुळे साधारण दुप्पट होते. ती क्षमता मोजली की इंधन कुठवर आलंय ते कळतं, आणि घनतेची जोड दिली की किलो. ही यंत्रणा बंद असली तर पंखाखालून ओढून काढायच्या चुंबकी पट्ट्या असतात. तिसरी मोजणी इंजिनाच्या तोंडाशी: प्रवाहमापक दर सेकंदाला किती वजनाचं इंधन आत जातंय ते मोजतो आणि संगणक त्याची बेरीज करत राहतो.

आता आपली दिल्लीची फेरी जुळवून पाहू. विमान मुंबईला आलं तेव्हा टाकीत ३,१०० किलो उरलं होतं. पावतीवर ६,५०० लिटर, घनता ०.७९, म्हणजे ५,१३५ किलो. एकूण ८,२३५ व्हायला हवेत, पण निघताना गेज ८,२०० दाखवतं. मधले ३५ किलो शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाने, एपीयूने, वीज आणि वातानुकूलनासाठी उभ्या उभ्या खाल्ले. दिल्लीला पोचल्यावर ३,९०० उरले. म्हणजे गेजनुसार खर्च ४,३००. दोन्ही इंजिनांच्या मापकांची बेरीज समजा २,१४० अधिक २,१३०, म्हणजे ४,२७०. उरलेले ३० पुन्हा एपीयूचे. पावती, गेज, मापक असे तिन्ही हिशेब जुळले. अंदाज, जमिनीवर सरकण्याचे २०० धरून, ४,२०० चा होता, शंभर किलो जास्त गेले, आणि वाटेसाठी ठेवलेल्या दोनशेतून ते भागले.

हा मेळ वैमानिक हवेतही घालत राहतात. निघताना होतं त्यातून इंजिनांनी खाल्लेलं वजा केलं की टाकीत उरलेल्याशी जुळायला हवं. जुळलं नाही तर गळतीची शंका. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटचं ए-३३० अटलांटिकवर असताना गळतीमुळे रिकामं झालं. एका बाजूचं इंधन कमी दिसलं म्हणून दुसऱ्या बाजूचं तिकडे वळवलं, आणि तेही गळून गेलं. विमान तरंगत अझोर बेटांवर उतरलं. सगळे बचावले.

आणि ॲव्हरेज? आपल्या फेरीत, सहायक इंजिन धरून, ४,३३५ किलो म्हणजे सुमारे ५,५०० लिटर इंधन गेलं. विमानात १८० माणसं असतील तर माणशी तीस लिटर, आणि अंतर साधारण १,१५० किलोमीटर. माणशी लिटरला ३७-३८ किलोमीटर पडतात. तेच विमान १२० माणसं घेऊन गेलं तर आकडा पंचविसावर येतो. भरलेली आसनं न सांगता दिलेल्या ॲव्हरेजला अर्थ नाही.

एक किलो एटीएफ जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या फेरीचा झाला १३.७ टन. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बनसाठी कोर्सिया नावाची जागतिक व्यवस्था आहे. तिच्यात पावती आणि गेज यांवरून प्रत्येक उड्डाणाचं इंधन कसं काढायचं याच्या ठरलेल्या पद्धती आहेत, आणि २०२७ पासून तिची भरपाईची अट भारतालाही लागू होते. देशांतर्गत उड्डाणं मात्र या व्यवस्थेबाहेर आहेत. मुंबई-दिल्ली, मुंबई-नागपूरच्या प्रत्येक फेरीचा किलोकिलोचा हिशेब विमान कंपन्यांकडे आजही तयार असतो. तो माणशी भागून प्रवाशाच्या तिकिटावर छापायला वेगळी यंत्रणा लागत नाही. तिकीट काढणाऱ्यांनी तो मागायला हवा.