बर्फाखालचे मासे – लेखांक ५ : खुणा नसलेल्या तळ्यातला वॉलआय

मागच्या लेखांकात आपण पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यांवर थांबणारा वॉलआय पाहिला. तिथे काम त्यामानाने सोपं होतं. नकाशावर उंचवटा शोधायचा, त्याच्या उतारावर भोक पाडायचं आणि गळ सोडायचा. मात्र उत्तर अमेरिकेत अशीही सरोवरं आहेत, ज्यांच्या नकाशात बघण्यासारखं काहीच सापडत नाही. बेट नाही, खडप नाही, खोल घळ नाही. काठापासून आत गेलं की मैलोन् मैल तोच तळ, जणू पाणी भरून ठेवलेली परात. अशा ठिकाणी वॉलआय शोधायचा कसा, हा आजचा विषय.

उदाहरण घेऊ मिनेसोटा राज्याच्या उत्तरेकडच्या अप्पर रेड लेकचं. हिमयुग सरताना या भागात अगासिझ नावाचं अवाढव्य सरोवर पसरलं होतं. ते ओसरलं तेव्हा मागे जे तुकडे राहिले, त्यांतला हा एक. अप्पर आणि लोअर अशी दोन सरोवरं एका चिंचोळ्या वाटेने जोडलेली आहेत आणि दोन्ही मिळून क्षेत्रफळ सुमारे २,८८,००० एकर भरतं. विस्तार एवढा असूनही अप्पर रेड लेकची जास्तीत जास्त खोली अठरा फुटांच्या आसपास आहे. भोवताली पीटची दलदल असल्यामुळे पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला आहे.

उथळ पाण्यात उष्णता फारशी साठत नाही, म्हणून ते लवकर गोठतं. मिनेसोटातल्या मोठ्या सरोवरांपैकी चालण्याजोगा बर्फ सर्वांत आधी जिथे धरतो, त्यांत अप्पर रेड लेकचं नाव असतं. नोव्हेंबर संपता संपता पूर्व काठावरच्या वॉस्किश गावाकडे गाड्यांची रीघ लागते, ती त्यामुळेच.

मासा काय शोधतो?

उंचवटा किंवा खडप वॉलआयला दोन गोष्टी देतं : भक्ष्य आणि आडोसा. सपाट सरोवरात आडोशाची गरज बरीचशी पाणीच भागवतं. वॉलआयच्या डोळ्यात, नेत्रपटलाच्या मागे, प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला चांगलं दिसतं. त्याचं आवडतं भक्ष्य म्हणजे यलो पर्च, आणि या माशाची नजर नेमकी त्याच वेळी कमी पडते. म्हणून नितळ पाण्याच्या सरोवरात वॉलआय पहाटे आणि सांजेला शिकारीला निघतो. चहाच्या रंगाच्या पाण्यावर बर्फ आणि त्यावर हिमाचा थर असला की तळाशी भरदुपारीही सांज असते. अप्पर रेड लेकवर दिवसभर मासा लागण्याची शक्यता राहते, ती यामुळे.

तापमानावरूनही इथे फारसा अंदाज बांधता येत नाही. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून खोल सरोवरात हिवाळाभर तळाशी किंचित उबदार थर टिकून राहतो. उथळ, वाऱ्याने घुसळलेलं पाणी मात्र गोठण्याआधीच वरपासून खालपर्यंत त्याहून थंड झालेलं असतं. त्यामुळे ‘उबदार कोपरा’ शोधत फिरण्यात अर्थ नाही.

मग उरतं ते भक्ष्य. पर्च आणि शायनरसारखी छोटी मासळी जिथे, तिथे वॉलआय. पर्च कुठे असतो? तळाच्या चिखलात लांबट लाल अळ्या असतात आणि मेफ्लायची पिल्लं असतात. पर्च ती टिपत फिरतो. मात्र तो चिखलाच्या मध्यापेक्षा चिखल आणि वाळू, किंवा चिखल आणि रेव, जिथे भेटतात त्या पट्ट्यात अधिक रेंगाळतो. सपाट तळ्याच्या खुणा त्या याच. डोळ्याला न दिसणाऱ्या, पण माशाला नेमक्या ठाऊक असलेल्या.

एका फुटाचाही फरक मोठा

खोल सरोवरात एक-दोन फुटांच्या चढउताराकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. बारा फूट पाण्यात तोच फरक मोठा ठरतो. काठाजवळची उथळ वाळूची पायरी संपून तळ जिथे पहिल्यांदा खाली उतरतो, ती रेषा हिवाळ्याच्या सुरुवातीला सर्वांत महत्त्वाची. त्या दिवसांत सहा ते दहा फूट पाण्यातच चांगले वॉलआय मिळतात. जानेवारी लागला, काठाजवळ माणसांचा आणि गाड्यांचा वावर वाढला, की मासा आतल्या अकरा-बारा फुटांच्या मोकळ्या तळाकडे पांगतो. हिवाळा संपत येतो तसे प्रजननाचे वेध लागतात आणि वॉलआय नदीच्या मुखांच्या दिशेने सरकू लागतो. वॉस्किशजवळ सरोवराला मिळणारी टॅमरॅक नदी हे त्यातलं एक मुख. सांगायचं एवढंच की नोव्हेंबरमधली हमखास जागा फेब्रुवारीत ओस पडलेली असू शकते.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संपदा विभागाच्या ‘लेकफाइंडर’ या सेवेवर सरोवरांची सर्वेक्षणं आणि खोलीचे नकाशे विनामूल्य मिळतात. सपाट सरोवराचा नकाशा पाहताना खोलीचा आकडा किती, हे कमी महत्त्वाचं. समखोलीच्या रेषा कुठे एकमेकींजवळ येतात आणि कुठे आत किंवा बाहेर वळतात, ते पाहावं. बाकी सगळीकडे सरळ धावणारी रेषा जिथे वाकते, तिथून शोध सुरू करावा.

एका भोकातून किती दिसतं?

बर्फावरचे मच्छीमार फ्लॅशर नावाचं सोनार वापरतात. त्याचा ध्वनी शंकूच्या आकारात खाली जातो. शंकूचा कोन वीस अंशांचा धरला, तर बारा फूट खोलीवर तळाचं जेमतेम चार फूट व्यासाचं वर्तुळ यंत्राच्या टप्प्यात येतं. तीस फूट खोलीवर तेच वर्तुळ दहा फुटांहून मोठं होतं. म्हणजे पाणी जितकं उथळ, तितकं एका भोकातून कमी दिसणार. हजारो एकरांच्या सपाट तळावर चार फुटांच्या खिडकीतून पाहून ‘इथे मासा नाही’ असं म्हणण्यात काही अर्थ नसतो.

यावर उपाय एकच : भोकं वाढवायची, तीही शिस्तीने. पहिली रांग काठाकडून आत, खोलीच्या रेषांना आडवी जाणारी. साधारण तीस-चाळीस पावलांवर एक भोक. प्रत्येक ठिकाणी खोली आणि तळाचा प्रकार नोंदवायचा. तळ कठीण असेल तर फ्लॅशरवर तळाची पट्टी ठळक उमटते आणि बऱ्याचदा दुप्पट खोलीवर तिचा दुसरा प्रतिध्वनीही दिसतो. चिखल ध्वनी पिऊन टाकतो, त्यामुळे पट्टी फिकट पडते. यंत्र नसेल तर दोरीला शिसं बांधून सोडावं. वाळूवर ते टणकन टेकतं. चिखलात रुततं आणि वर ओढताना किंचित धरून ठेवल्यासारखं वाटतं. गळाला लागलेल्या पर्चने अळ्या ओकल्या, तर खाली चिखल आहे आणि तिथे खाणं सुरू आहे, ही आयती बातमी मिळते. तळ बदलण्याची जागा सापडली की दुसरी रांग त्या सीमेच्या कडेकडेने, नागमोडी पाडायची.

उथळ पाण्यात गिरमिटाचा आवाज आणि पावलांचा धपधपाट थेट माशापर्यंत पोचतो. म्हणून जाणते लोक आधी सगळी भोकं पाडून घेतात, थोडा वेळ जाऊ देतात आणि मग पहिल्या भोकापासून गळ टाकत निघतात. गाड्यांच्या वाटेला आणि बर्फावरच्या झोपड्यांच्या वस्तीला लागून बसण्यापेक्षा त्यांपासून काही अंतर राखलेलं बरं.

दिवसा फिरा, सांजेला थांबा

मिनेसोटात बर्फावर एका माणसाला दोन गळ टाकता येतात. त्या दोन्हींची कामं वेगळी. पहिल्या गळावर चकचकीत धातूचा चमचा आणि त्याला छोट्या मासळीचं मुंडकं. तो झटके देत वरखाली हलवायचा, म्हणजे दुरून जाणाऱ्या माशाचं लक्ष वेधलं जातं. जवळच्या भोकात दुसरा गळ, त्यावर जिवंत मासळी, तळापासून फूटभर वर, न हलवता सोडलेली. चमच्याच्या खडखडाटाने आलेला मासा कित्येकदा बिचकतो आणि शेजारची निमूट मासळी गिळतो. एकाने बोलवायचं, दुसऱ्याने पकडायचं.

एका भोकाला वेळ किती द्यावा? दिवसा पंधरा-वीस मिनिटांत फ्लॅशरवर काही हललं नाही, तर उठावं. सूर्य कलला की मात्र नियम उलटतो. त्या वेळी मासा स्वतःच शिकारीला फिरत असतो आणि आपण धावाधाव केली तर चुकामूकच व्हायची. दिवसभराच्या शोधात जिथे पर्च दिसले, जिथे तळ बदलला, त्या जागी सांजेच्या तासभर आधी बसावं आणि हलू नये.

मासा होता, नव्हता, परत आला

हे सारं कसब माशाच्या मुबलकतेवर उभं आहे, आणि ती मुबलकता रेड लेकने एकदा गमावली होती. लोअर रेड लेक पूर्ण आणि अप्पर रेड लेकचा पश्चिमेकडचा भाग रेड लेक ओजिब्वे या आदिवासी राष्ट्राचा आहे. उरलेले सुमारे ४८,००० एकर राज्याच्या अखत्यारीत येतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, अन्नपुरवठ्यासाठी इथे व्यापारी मासेमारी सुरू झाली. पुढे दोन्ही बाजूंनी उपसा होत राहिला आणि १९९० च्या दशकात वॉलआय जवळजवळ संपला. ओजिब्वेंनी १९९७ मध्ये व्यापारी मासेमारी थांबवली. १९९९ मध्ये राज्याच्या हद्दीतही वॉलआय पकडण्यावर बंदी आली आणि दोन्ही पक्ष केंद्र सरकारसह एका करारात बांधले गेले. १९९९, २००१ आणि २००३ मध्ये वॉलआयची कोट्यवधी पिल्लं सोडण्यात आली. मधल्या काळात वॉलआयची जागा क्रॅपी माशाने घेतली आणि काही वर्षं मच्छीमार त्याच्यासाठीच इथे येत राहिले. २००६ मध्ये वॉलआयची मासेमारी पुन्हा खुली झाली, ती ठरलेल्या मर्यादेत. ती मर्यादा मोसमागणिक बदलते. आदिवासी राष्ट्राच्या हद्दीत बाहेरच्यांना परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. त्यामुळे सपाट बर्फावर फिरताना आपण कुठे आहोत, हे जीपीएसवर पाहत राहणं भाग आहे.

फिरण्याची किंमत

सपाट सरोवरावर यश फिरणाऱ्याला मिळतं, पण धोकाही त्यालाच. अप्पर रेड लेकचा बर्फ लवकर धरतो, तसा वाऱ्याने लवकर सुटतोही. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी सुमारे दोनशे मच्छीमार काठापासून तुटलेल्या बर्फाच्या तुकड्यावर अडकले होते. २९ डिसेंबर २०२३ ला पुन्हा शंभराहून अधिक लोकांना अशाच तुकड्यावरून सोडवावं लागलं. मिनेसोटाचा नैसर्गिक संपदा विभाग चालण्यासाठी किमान चार इंच, स्नोमोबाइलसाठी पाच ते सात इंच आणि लहान मोटारीसाठी नऊ ते दहा इंच नव्या, स्वच्छ, कठीण बर्फाची शिफारस करतो. धुरकट पांढऱ्या बर्फाची ताकद कमी असते, त्यामुळे तो याहून बराच जाड हवा. शिवाय एका जागी मोजलेली जाडी शंभर पावलांवर तशीच असेल, याची खात्री नसते.

मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात नोकरीनिमित्त गेलेली बरीच मराठी मंडळी हिवाळ्यात सहकाऱ्यांबरोबर बर्फावर जातात. त्यांना, आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं : स्थानिक रिसॉर्टवाल्याला विचारल्याशिवाय बर्फावर उतरू नका, वाऱ्याचा अंदाज पाहा, गळ्यात बर्फात रोवायचे टोचे आणि अंगात जीवरक्षक जाकीट ठेवा, आणि दर काही पावलांवर जाडी मोजा. त्यानंतर पाडलेल्या दहा भोकांपैकी नऊ रिकामी निघाली तरी बिघडत नाही. सपाट तळ्यावर रिकामं भोकसुद्धा मासा कुठे नाही ते सांगतं, आणि शोध त्यानेच पुढे सरकतो.

(पुढील लेखांकात : बर्फावर उभी राहणारी तात्पुरती गावं – झोपड्या, शेगड्या आणि त्यांचे नियम.)