माइतीघर

माइतीघर : नेपाळी भाषेतील एक गाजलेला प्रणयप्रधान, कौटुंबिक चित्रपट (१९६६). नेपाळमध्ये खाजगी निर्मितिसंस्थेने काढलेला हा पहिला चित्रपट. निर्मिती सुमनांजली फिल्म्स या संस्थेची, दिग्दर्शन बी. एस्. थापा यांचे व संगीत जयदेव यांचे असून माला सिन्हा आणि चिदंबरप्रसाद लोहनी यांनी त्यात नायक-नायिकेच्या भूमिका केल्या. ‘माइती’ म्हणजे विवाहित स्त्रीच्या माहेरची माणसे. त्यावरून ‘माइतीघर’ म्हणजे माहेर.

नेपाळी बोलपटाचा आरंभ नेपाळबाहेर झाला. सत्य हरिश्चंद्र हा पहिला नेपाळी बोलपट १९५१ मध्ये कलकत्त्यास निर्माण झाला. देशात तयार झालेला पहिला कथापट आमा (१९६४) हा शासनाच्या वतीने हीरासिंह खत्री यांनी दिग्दर्शित केला. सैन्यातून रजेवर घरी आलेल्या तरुणाच्या या कथेचा रोख देशसेवेवर होता. राजे महेंद्र यांनी १९६० मध्ये निर्वाचित शासन बरखास्त करून पक्षविरहित पंचायत पद्धती आणली होती आणि राष्ट्रभाषा व राष्ट्रभावना यांच्या प्रसाराचे साधन म्हणून चित्रपटाकडे पाहिले जात होते. काठमांडूचा प्रेक्षक मात्र हिंदी चित्रपटांवर वाढलेला होता. त्याला हवी असलेली प्रेमकथा, गीते आणि अश्रू हे सर्व त्याच्या स्वतःच्या भाषेत देण्याचे काम माइतीघर या कृष्णधवल चित्रपटाने प्रथम केले.

नेपाळमध्ये त्या वेळी चित्रपटव्यवसाय असा नव्हताच. त्यामुळे निर्मात्यांना मुंबईतील कलावंतांचा आधार घ्यावा लागला. माला सिन्हा यांचा जन्म कलकत्त्यातील नेपाळी कुटुंबातला. प्यासा (१९५७), धूल का फूल (१९५९), गुमराह (१९६३) इ. चित्रपटांमुळे त्या हिंदीतील आघाडीच्या अभिनेत्री बनल्या होत्या. नेपाळी कुळातील, परंतु हिंदी पडद्यावर नावारूपास आलेली तारका आपल्या भाषेत बोलते, याचे नेपाळी प्रेक्षकाला वाटलेले अप्रूप सहज समजण्याजोगे आहे. सुनील दत्त व राजेंद्रनाथ हेही त्यात पाहुणे कलाकार म्हणून आले. नायक लोहनी यांच्याशी माला सिन्हा यांचा पुढे विवाह झाला. पडद्यावरील जोडी प्रत्यक्षात संसारी झाली, ही गोष्ट चित्रपटाच्या लौकिकात भर घालणारी ठरली.

कथानकाची मांडणी तत्कालीन हिंदी चित्रपटांच्या वळणाची आहे. प्रेमाच्या रम्य प्रसंगांनी सुरू होणारी ही कथा नायिकेच्या सोसण्याची कथा बनते. अशा मांडणीतील अतिरंजितपणा आजच्या प्रेक्षकास जाणवतो. केवळ कथेच्या बळावर चित्रपट टिकला असे म्हणता येत नाही. तो टिकला तो संगीतामुळे आणि त्याहूनही अधिक शीर्षकातील कल्पनेमुळे.

हम दोनो (१९६१) व मुझे जीने दो (१९६३) या चित्रपटांच्या संगीतामुळे जयदेव यांची ख्याती झाली होती. मोजके वाद्यवृंद आणि लोकधुनांविषयीचा आदर हे त्यांच्या रचनांचे विशेष होत. त्यांनी या चित्रपटासाठी दोन निरनिराळ्या परंपरांतील गायक एकत्र आणले. लता मंगेशकर, आशा भोसले, उषा मंगेशकर, मन्ना डे व गीता दत्त हे मुंबईचे गायक एका बाजूस; तर नारायण गोपाल, प्रेमध्वज प्रधान व दार्जिलिंगच्या अरुणा लामा हे नेपाळी भावगीताच्या क्षेत्रातील गायक दुसऱ्या बाजूस. पुढे ‘स्वरसम्राट’ म्हणून ओळखले गेलेले नारायण गोपाल (१९३९–९०) त्या वेळी ऐन तारुण्यात होते. लताबाईंनी गायिलेले गीत खुद्द राजे महेंद्र यांचे आहे. ‘म. वी. वि. शाह’ या नावाने ते काव्यलेखन करीत. मंगेशकर भगिनींपैकी तिघींचा आवाज लाभलेला हा चित्रपट मराठी रसिकांच्या नोंदीतून मात्र बहुधा निसटून गेलेला दिसतो. नेपाळमध्ये चित्रपटगृहे मोजक्या शहरांतच होती. डोंगराळ भागातील असंख्य लोकांनी चित्रपट न पाहताच त्याची गाणी रेडिओवरून आपलीशी केली. त्यांतील काही गाणी नव्या पिढीचे गायकही गातात.

शीर्षकातील कल्पनेचे सामर्थ्य ध्यानी येण्यासाठी नेपाळी समाजातील माहेराचे स्थान पाहावयास हवे. मराठीत ‘माहेर’ हे प्रामुख्याने स्थळ आहे. नेपाळीत ‘माइती’ ही त्याबरोबरच माणसे, म्हणजे पिता व विशेषतः भाऊ, आहेत. भाद्रपद शुद्ध तृतीयेस, म्हणजे महाराष्ट्रात हरितालिकेचे व्रत होते त्याच दिवशी, तेथे तीज हा स्त्रियांचा मोठा सण असतो. त्यासाठी माइतीने विवाहित मुलीला घरी आणावयाचे, आदल्या रात्री ‘दर’ नावाचे सुग्रास भोजन द्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी तिने निर्जळी उपवास करून सख्यांसह नाचगाण्यात दिवस घालवावयाचा, अशी रीत आहे. तीजच्या पारंपरिक गीतांतून सासुरवास उघडपणे बोलून दाखविला जातो. भोंडल्याची गाणी किंवा जात्यावरच्या ओव्या परिचित असलेल्यास हा भाव वेगळा सांगावा लागत नाही. तथापि गीतांतील हे माहेर मायेचे होते, हक्काचे नव्हते. १९६३ च्या मुलुकी ऐन या संहितेने बालविवाह व बहुपत्नीत्व यांना प्रतिबंध केला. पण विवाहित कन्येस वडिलार्जित मालमत्तेत वाटा दिला नाही. मुलीचा जन्मसिद्ध हक्क २००२ च्या दुरुस्तीने मान्य झाला, तोही विवाहानंतर वाटा परत करण्याच्या अटीवर. ही अट पुढील कायद्यांनी दूर झाली. सासरी आधार तुटलेल्या स्त्रीने जावे कोठे, हा प्रश्न १९६६ च्या प्रेक्षकस्त्रीला म्हणूनच पडद्यापुरता नव्हता. नायिकेच्या दुःखाला ‘माहेर’ हे नाव देण्यात निर्मात्यांनी मर्म नेमके ओळखले होते.

माइतीघरनंतर खाजगी निर्मितीचा ओघ लगेच सुरू झाला नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या शाही नेपाळ चलचित्र संस्थानाकडे दीर्घकाळ निर्मितीचा मुख्य भार होता. खाजगी प्रेमपटांना बहर आला तो १९८० नंतर. तुलसी घिमिरे यांचा कुसुमे रुमाल (१९८५) हा त्यांपैकी अत्यंत यशस्वी चित्रपट. हे नंतरचे चित्रपट रंगीत व तंत्रदृष्ट्या अधिक सफाईदार होते. परंतु माइतीघराप्रमाणे शहराच्या नकाशावर नाव उमटविण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. काठमांडूतील सिंहदरबार या शासकीय संकुलानजीकच्या परिसरास माइतीघर म्हणतात व ते नाव या चित्रपटावरून पडल्याचे सांगितले जाते. तेथील मंडलाकार चौक निदर्शनांचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. ८ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाविरुद्धच्या आंदोलनासाठी तरुण-तरुणी प्रथम जमले ते याच चौकात.